विजरईंच्या दालनात चित्रकाराला जागा द्या: जुन्या गोव्याच्या संग्रहालयाला खुले पत्र

प्रति,
माननीय अधीक्षक पुरातत्त्वविद,
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, गोवा मंडळ,
जुने गोवे.

विषय: पोर्तुगीज गव्हर्नर व विजरई यांच्या चित्रांसोबत द्यावयाच्या माहितीबाबत.

महोदय,

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात 1964 साली आपल्या विभागाचे संग्रहालय सुरू झाले. त्याच्या वरच्या मजल्यावर पोर्तुगीज भारताच्या गव्हर्नरांची आणि विजरईंची, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या व्हाइसरॉयांची, सुमारे साठ चित्रे आहेत. सोळाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झालेली आणि नंतर शतकानुशतके वाढत गेलेली ही मालिका आहे. तिच्याविषयी माझी विनंती एवढीच आहे की, दालनाची मांडणी आणि फलक पुढच्या वेळी नव्याने तयार होतील तेव्हा चित्रात कोण आहे यासोबत ते चित्र कोणी काढले, त्यावर नंतर कोणाकोणाचा हात फिरला, चित्रातला माणूस तोच आहे हे किती खात्रीने सांगता येते आणि त्याच्या कारकिर्दीत या भूमीवरच्या लोकांचे काय झाले, हेही तिथे लिहिले जावे.

वसाहतीच्या खुणा पुसून टाकाव्यात अशी भाषा गोव्यात अधूनमधून ऐकू येते. माझे म्हणणे त्या बाजूचे नाही, हे आधीच सांगतो. ही चित्रे भिंतीवरून उतरवून तळघरात टाकली, तर सर्वांत आधी हरवेल तो आपल्याच माणसाच्या हाताचा पुरावा. तो कसा, हे सांगायचे तर 1546 सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी दीवचा किल्ला गुजरातच्या सैन्याने वेढला होता. गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने नोव्हेंबरमध्ये वेढा मोडला, पण वेढ्यात त्याचा मुलगा फेर्नांदो मारला गेला आणि किल्ल्याची पडझड झाली. डागडुजीसाठी पैसा नव्हता. कास्त्रोने गोवा शहराच्या नगरसभेकडे वीस हजार पार्दावांचे (पार्दाव हे तेव्हाचे नाणे) कर्ज मागितले आणि तारण म्हणून मुलाच्या अस्थी पाठवता येत नाहीत म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. शहराने पैसे दिले आणि केस सन्मानाने परत केले. स्त्रियांनी दागिने देऊ केले, असेही इतिहासकार सांगतात. दाढीची ही गोष्ट पोर्तुगीज शाळांच्या पाठ्यपुस्तकांत पिढ्यानपिढ्या राहिली. कर्ज देणारे कोण होते, हे मात्र तितक्या आवडीने कोणी सांगितले नाही. ते होते आल्बुकर्कने 1510 साली गोवा घेतल्यानंतर इथल्या स्त्रियांशी लग्ने करून स्थायिक झालेले पोर्तुगीज, म्हणजे ज्यांना कागदोपत्री ‘कासाद’ म्हटले जाई ते घरदार असलेले नागरिक. नगरसभा त्यांची, शहराची तिजोरी त्यांची आणि व्यापारही बराचसा त्यांचाच.

कास्त्रो 1547 च्या एप्रिलमध्ये एखाद्या रोमन सेनापतीच्या थाटात, डोक्यावर पानांचा मुकुट घालून गोव्यात परतला. त्याच वर्षी त्याने ठरवले की, आपल्याआधी भारतात कारभार केलेल्या सर्वांची पूर्णाकृती चित्रे काढून राजवाड्याच्या दालनात लावावीत. पहिला विजरई आल्मेदा याच्यापासून मार्तीं आफोंसो द सोझापर्यंत असे बाराजण होते आणि तेरावा तो स्वतः. विजयाच्या नशेत घेतलेला हा निर्णय होता असे मला वाटते, आणि त्यात स्वतःची जागा आधीच राखून ठेवण्याची हुशारीही होती. कास्त्रो त्यानंतर फार जगला नाही. 1548 च्या जूनमध्ये तो गोव्यातच वारला.

हे काम त्याने गास्पार कोरेयाकडे सोपवले. कोरेया 1512 साली भारतात आला, आल्बुकर्कच्या हाताखाली लेखनिक होता आणि पुढे त्याने पोर्तुगीजांच्या इथल्या कारभाराची मोठी बखर लिहिली. ती छापली गेली थेट 1858 ते 1866 या काळात, लिस्बनमध्ये. कोरेयाला चित्रकला येत होती. त्याच्या बखरीच्या हस्तलिखितात गव्हर्नरांची आणि शहरांची त्याने काढलेली रेखाटने आहेत. आपल्याला हे काम का मिळाले, याचे कारण तोच देतो: आधीच्या गव्हर्नरांचे चेहरे त्याला ठाऊक होते. आणि पुढे तोच नोंदवतो की, प्रत्यक्ष रंगकाम याच देशातल्या एका चित्रकाराने केले, त्या माणसाला उपजतच मोठी देणगी होती आणि चित्रे अशी उतरली की ज्यांनी त्या व्यक्तींना पाहिले होते ते त्यांना चटकन ओळखत.

महोदय, या दालनाविषयी आपल्याला मिळालेली ही सर्वांत मोलाची साक्ष आहे, आणि ती देणारा स्वतः पोर्तुगीज आहे. त्याने स्तुती केली, पण नाव लिहिले नाही. तो चित्रकार हिंदू होता की नव्याने बाटलेला, तिसवाडीतला होता की घाटावरून आलेला, देवळांच्या भिंती रंगवणाऱ्या घराण्यातला होता की कापडावर चित्रे काढणाऱ्या, यांतले काहीही कोरेया सांगत नाही. उंच लाकडी फळ्यांवर, युरोपीय धर्तीने, ज्यांतल्या निम्म्याअधिक माणसांना त्याने कधी पाहिलेच नसेल अशांचे चेहरे त्याने दुसऱ्याच्या आठवणीवरून उभे केले. आल्बुकर्क 1515 साली वारला होता, म्हणजे कोरेयाच्या डोळ्यांपुढचा चेहराही तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचा. आल्मेदाची गोष्ट तर त्याहून अवघड. कोरेया भारतात उतरला त्याच्या दोन वर्षे आधीच, 1510 च्या मार्चमध्ये, तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ मारला गेला होता. त्यामुळे मालिकेतील पहिल्या विजरईला कोरेयाने भारतात पाहिलेले असणे शक्य नाही. आठवण सांगणारा एक, रंगवणारा दुसरा आणि चित्रातला माणूस केव्हाच मातीआड गेलेला, अशा तिघांच्या मेळातून ही व्यक्तिचित्रे झाली. त्यांच्याकडे आज पाहताना नाव आणि कारकिर्दीची वर्षे एवढे वाचून पाहणाऱ्याने समाधान मानावे, हे मला पटत नाही.

म्हणून पहिली आणि मुख्य सूचना: मालिकेतील आरंभीच्या चित्रांच्या फलकांवर ‘संकल्पना व मार्गदर्शन: गास्पार कोरेया, चित्रकार: स्थानिक कलावंत, नाव अज्ञात, इ. स. 1547’ असे स्पष्ट लिहिले जावे. ‘अज्ञात’ हा शब्द लिहायला संग्रहालयांना संकोच वाटतो, कारण त्यातून आपल्या माहितीची उणीव उघडी पडते असा समज असतो. इथे उलटे आहे. त्या एका शब्दामुळे सोळाव्या शतकातील गोव्यात एक अत्यंत कुशल देशी चित्रकार होता आणि राजवाड्याचे सर्वांत मानाचे काम त्याच्याकडे गेले होते, हे पाहणाऱ्याच्या लक्षात येईल.

हा माणूस एकटाच असा होता असेही नाही. साधारण त्याच सुमारास, 1540 च्या आसपास, एका भारतीय चित्रकाराने पोर्तुगीज धन्यासाठी 76 रंगीत चित्रांचा एक संग्रह तयार केला. तो आज रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात आहे आणि तो गोव्यात झाला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. त्यात आफ्रिकेपासून चीनपर्यंतच्या लोकांची चित्रे आहेत, लग्नकार्ये आहेत, शेतीची कामे आहेत, होर्मुझमध्ये उन्हाच्या तडाख्यातून सुटण्यासाठी पाण्याने भरलेल्या हौदात बसून जेवणारे पोर्तुगीजही आहेत. मथळे पोर्तुगीज भाषेत आणि हात हिंदुस्थानी. राजवाड्यातल्या दालनात फक्त सत्ताधारी दिसतात. या संग्रहात त्यांच्या भोवतीचे जग दिसते. त्यातील दोन-तीन चित्रांच्या प्रतिकृती आपल्या दालनाच्या तोंडाशी लावता आल्या, तर त्या काळातल्या शहरात आणखी कोण राहत होते हे न सांगता समजेल.

दुसरा मुद्दा चित्रांच्या पुढील आयुष्याचा. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात काही काळ काढलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल राजवाड्यातील दालनांचे वर्णन करताना एका ठिकाणी आरमारांची चित्रे आणि दुसऱ्या ठिकाणी विजरईंची चित्रे असल्याचे सांगतो. पुढे रोगराईने शहर ओस पडू लागले. विजरई 1695 च्या सुमारास पणेलीला आणि 1759 मध्ये पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात राहायला गेले. जुन्या गोव्यातील राजवाडा एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. चित्रे पणजीत आली आणि 1961 नंतर ती पुन्हा जुन्या गोव्यात, आपल्या ताब्यात आली. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात लाकडी फळ्यांवरचा रंग चार शतके जसाच्या तसा कसा राहणार? दमट हवा, वाळवी आणि हलवाहलव यांचा हिशोब प्रत्येक पिढीने आपापल्या परीने चुकता केला, म्हणजे झिजलेल्या जागी नवा रंग चढवला. एकोणिसाव्या शतकात तर अशा पुनर्रंगकामाचा हात बऱ्याच चित्रांवर फिरला.

1950 च्या दशकात यांतील काही चित्रे दुरुस्तीसाठी लिस्बनला नेली गेली. तिथे क्ष-किरणांनी पाहिल्यावर वरच्या थरांखाली वेगळी चित्रे दिसू लागली आणि काही चित्रांतील व्यक्तींची पूर्वापार मानलेली ओळख पुन्हा तपासावी लागली. काही चित्रे परत आलीच नाहीत. आल्बुकर्कचे चित्र आज लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आहे. ज्या माणसाने गोवा जिंकला त्याचेच मालिकेतील जुने चित्र गोव्यात नसावे, हा विनोद इतिहासाने कोणाच्या खर्चाने केला ते ठरवणे मी वाचकांवर सोडतो.

या तपासणीतून निघालेला धडा फलकांवर उतरायला हवा. एखाद्या चित्राच्या खाली ‘अमुक विजरई’ असे ठामपणे लिहिणे आणि ‘परंपरेने अमुक समजले जाणारे चित्र, वरचा रंग एकोणिसाव्या शतकातील’ असे लिहिणे यांत फार मोठा फरक आहे. दुसरे विधान वाचणारा माणूस चित्राजवळ थांबतो आणि निरखून पाहू लागतो. कोरेयाच्या बखरीतील रेखाटने एकोणिसाव्या शतकातच छापली गेली आहेत; त्यांच्या प्रती संबंधित चित्रांशेजारी ठेवल्या, तर सोळाव्या शतकातील मूळ रेषा आणि नंतरचा रंग यांची तुलना शाळकरी मुलेही करू शकतील. लिस्बनमध्ये राहिलेल्या चित्रांची आणि तिथे निघालेल्या क्ष-किरण छायाचित्रांची उत्तम प्रत मिळवणे आज अवघड नसावे. दोन देशांतील संस्थांमध्ये पत्रव्यवहार व्हायला हवा, इतकेच.

आता तिसरी गोष्ट, आणि मराठी वाचक म्हणून ती मला जवळची आहे. दालनातील नावांपैकी कित्येक नावे आपल्या इतिहासात दुसऱ्याच बाजूने येतात. आल्व्होरचा काउंट फ्रान्सिस्को द ताव्हरा हा 1681 ते 1686 या काळात विजरई होता. 1683 मध्ये त्याने फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली आणि संभाजी महाराजांच्या फौजेपुढे त्याला माघार घ्यावी लागली. मराठ्यांनी जुवे बेट घेतले तेव्हा गोवा शहराचा धीर सुटला आणि विजरईने बॉम जेझूसमध्ये जाऊन सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीत आपला राजदंड ठेवून त्याच्याकडे शहराच्या रक्षणाची याचना केली. त्याच विजरईने पुढच्या वर्षी, 1684 च्या जूनमध्ये, इथल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. ज्या बासिलिकेत त्याने राजदंड ठेवला ती आपल्या संग्रहालयापासून हाकेच्या अंतरावर आहे, तरी या दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडून सांगणारे वाक्य पर्यटकाच्या वाट्याला सहसा येत नाही.

सांदोमिलचा काउंट पेद्रो मास्कारेन्यश 1732 ते 1741 या काळात विजरई असतानाच 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्याच वर्षी व्यंकटराव घोरपड्यांची फौज गोव्यातल्या साष्टीत शिरली होती आणि गोवाच हातचे जाते की काय, अशी पोर्तुगीजांची अवस्था झाली होती. वसईहून आणलेल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत अजून वाजतात. त्या ऐकणाऱ्या भाविकाला त्या वेळच्या विजरईचे चित्र जुन्या गोव्यात आहे हे कळले, तर तो इतक्या दूर येऊन ते पाहील. आल्वाचा काउंट लुईश मास्कारेन्यश याची कथा तर याहून थोडक्यात संपते: 1754 साली आला आणि 1756 च्या जूनमध्ये फोंड्याच्या मर्दनगडावर मराठ्यांशी लढताना मारला गेला. लढाईत पडलेला विजरई म्हणून पोर्तुगीज त्याची आठवण काढतात. अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याच्या परिसरातल्या, लोकांना ती लढाई आपल्या गावची म्हणून ठाऊक असते.

आणि ब्रागांसाचा कोंस्तांतीनो. 1558 ते 1561 ही त्याची कारकीर्द. धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, गोव्यात सुरू झाले ते 1560 मध्ये. त्याच्या चित्राखाली एवढे एक वाक्य जरी आले, तरी पुरे.

हे सर्व सांगण्यासाठी नवे संशोधन करावे लागणार नाही. पणजीच्या पुराभिलेखागारात राजा आणि विजरई यांच्यातील पत्रव्यवहाराचे ‘मोन्सोइश’ ग्रंथ आहेत आणि डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी हयातभर तिथल्या कागदांत बसून पोर्तुगीज-मराठे संबंध इतके उलगडून ठेवले आहेत की फलक लिहिणाऱ्याची अडचण काय लिहावे ही असणार नाही. काय गाळावे ही असेल.

शेवटचा मुद्दा ज्यांचे चित्रच नाही त्यांचा. वसाहत काही साठ-सत्तर विजरईंनी चालवली नाही. विजरई बहुधा तीन वर्षांसाठी येई आणि जाई. शहर चालवले ते इथे राहिलेल्यांनी. गार्सिया द ओर्ता 1534 साली आला, वैद्यकी करत आणि झाडपाल्याची माहिती गोळा करत इथेच राहिला, 1563 मध्ये त्याचा औषधींवरील ग्रंथ गोव्यातच छापला गेला, आणि 1568 मध्ये तो वारल्यावर बारा वर्षांनी धर्मन्यायालयाने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये आला, तो 1619 मध्ये मरेपर्यंत गोव्यातच होता, आणि मराठी ओवीत त्याने जे लिहिले त्यामुळे आपल्या वाङ्मयात त्याला कायमची जागा मिळाली. शहरातल्या नागरिकांना सत्तेविषयी किती आदर होता, याचाही एक किस्सा त्याच काळातला आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा विजरई असताना 1599 मध्ये त्याने पणजोबाचा पुतळा बसवून विजरई कमान उभारली. त्याची कारकीर्द शहराला इतकी नकोशी झाली होती की तो जाण्याच्या सुमारास विरोधकांनी तो पुतळा रात्रीतून खाली पाडला आणि त्याचे तुकडे शहरात टांगले. वास्को द गामाचे चित्र पाहून आलेल्या माणसाला आपल्या संग्रहालयापासून चालत पाच-दहा मिनिटांत त्या कमानीखाली उभे राहता येते, पण हा किस्सा ठाऊक असल्याशिवाय दोन्ही गोष्टींचा संबंध त्याला लागणार नाही.

आपल्याच संग्रहालयाच्या खालच्या मजल्यावर कदंबकालीन वीरगळ आहेत, काहींवर जहाजांवरच्या लढाया कोरलेल्या. ज्यांच्यासाठी ते उभारले त्यांतील बहुतेकांची नावे गेली, कोरणाऱ्यांची तर कधी लिहिलीच गेली नव्हती. वर राज्यकर्त्यांची नावे ठसठशीत आहेत आणि चेहरे संशयास्पद. खाली लढणारे आहेत आणि नावे नाहीत. हे दोन मजले एकमेकांना जोडणारा एखादा फलक जिन्याजवळ लावावा, असे मला सुचवावेसे वाटते. त्यासाठी भिंत रिकामी करावी लागणार नाही.

फलक कोकणी, मराठी आणि इंग्रजीत असावेत, शक्य झाल्यास पोर्तुगीजमध्येही, कारण लिस्बनहून येणाऱ्या पाहुण्यालाही चित्रकार इथला होता हे त्याच्या भाषेत वाचायला मिळायला हवे. मजकूर तयार करण्यासाठी राज्याच्या पुराभिलेख विभागातील अभ्यासक, गोवा विद्यापीठातील इतिहासाचे अध्यापक आणि चित्रसंवर्धन जाणणारी एखादी व्यक्ती अशी लहानशी समिती नेमली आणि तिने तयार केलेला मजकूर छापण्यापूर्वी लोकांच्या सूचनांसाठी खुला ठेवला, तर चुकाही कमी होतील. सर्व चित्रांची सचित्र सूची, प्रत्येक चित्राच्या दुरुस्तीच्या नोंदींसह, संकेतस्थळावर उपलब्ध झाली तर उत्तमच. पण तिला वेळ लागणार असेल तर किमान 1547 च्या मालिकेतल्या चित्रांपासून सुरुवात व्हावी आणि पहिल्या फलकावर त्या नाव नसलेल्या चित्रकाराची नोंद असावी.

कळावे,

आपला नम्र,
एक गोमंतकीय वाचक